बीव्हर्टन सोडून ओरेगनच्या किनाऱ्यावर (लिंकन काउंटी) घर घ्यावं का? परवडेल पण जमेल का?

मोहरी_फोडणी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन वाचा.

आम्ही बीव्हर्टनला, म्हणजे पोर्टलंडच्या उपनगरात, टाउनहाउसमध्ये राहतो. नवऱ्याचं काम कायमचं रिमोट झालंय, तसं लेखी मिळालंय. माझं पार्टटाइम अकाउंटिंगचं काम आहे तेही लॅपटॉपवरच. लेक सातवीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, ग्रीन कार्ड आहे, वय ७१, शुगर आणि गुडघे. एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स) दरवर्षी वाढतोय, भिंतीपलीकडचा कुत्रा रात्रभर भुंकतो, आणि आम्हा दोघांना समुद्राचं भयंकर वेड, त्यामुळे सध्या डोक्यात एकच किडा वळवळतोय की हे विकून लिंकन काउंटीत जायचं, म्हणजे न्यूपोर्ट नाहीतर खाली वॉल्डपोर्ट-याहाट्सकडे.

झिलोवर (घरं विकायची वेबसाइट) बघितलं तर इथल्या टाउनहाउसच्या पैशात तिकडे स्वतंत्र घर, थोडी जमीन आणि एखाद्या खिडकीतून समुद्र दिसेल असं मिळतंय. कागदावर तर परवडतंय. पण एवढं सगळं मिळतंय तर त्यात मेख काय आहे ते घर घेतल्यावर कळायला नको, म्हणून इथे विचारतेय. उन्हाळ्यात लाँग वीकेंडला जाऊन येणं वेगळं आणि कायमचं राहणं वेगळं हे कळतं, पण वेगळं म्हणजे नक्की काय? कुणी तिकडे राहतंय का?

धुक्यातला_गणपत

मी राहतो, सील रॉकला, न्यूपोर्ट आणि वॉल्डपोर्टच्या मध्ये. बायको मासळीवाली कोकणातली म्हणून तिचा हट्ट होता, आता परत न्यायचं म्हटलं तर भांडेल.

पावसाचं आधी सांगतो. न्यूपोर्टला वर्षाला साधारण ७० इंच पडतो, पोर्टलंडच्या जवळपास दुप्पट, आणि तो सरळ पडत नाही, आडवा येतो. नोव्हेंबर ते मार्च वादळं, झाडं पडतात, लाइट जाते. थंडी मात्र बीव्हर्टनपेक्षा कमी, बर्फ क्वचित. उन्हाळा म्हणाल तर जुलैत सुद्धा दुपारी ६५ फॅरनहाइटच्या आसपास, खूपदा धुकं, तुमच्याकडे ९५ असतं तेव्हा आम्ही स्वेटर घालून बसलेलो असतो. काहींना हे स्वर्ग वाटतं, काहींना दुसऱ्या जूनमध्ये रडू येतं. पोहायचं तर विसराच, पाणी बाराही महिने गारठवणारं.

आता घराचं. इथली बरीच घरं वीकेंडची आहेत, हिवाळाभर हीटर बंद करून ठेवलेली. विकायच्या आधी रंग मारतात, फोटो झकास येतात. तुम्ही बघायला गेलात की बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट उघडा आणि आत डोकं घालून वास घ्या. कुबट वास आला तर क्रॉलस्पेस, म्हणजे घराखालची बुटकी पोकळी, नीट तपासून घेतल्याशिवाय पुढे बोलूच नका. पश्चिमेच्या खिडक्यांच्या खालच्या कडेला बोट दाबून बघा, लाकूड मऊ लागलं तर पाणी आत गेलेलं आहे. डेकचे स्क्रू, गटारी, हीट पंपाचं बाहेरचं युनिट, सगळ्याला खारी हवा खाते. शहराबाहेर सेप्टिक टँक असतो, तो वेगळा तपासायचा, साध्या इन्स्पेक्शनमध्ये येत नाही. बीव्हर्टनला छप्पर वीस-पंचवीस वर्षांचा खर्च म्हणून बघता, इथे तसं धरू नका. दरवर्षी काही ना काही निघतंच आणि कारागीर मिळायला महिने जातात.

विजेचं बिल मात्र बरं. इथली वीज पब्लिक युटिलिटीची, सेंट्रल लिंकन, बराचसा पुरवठा कोलंबिया खोऱ्यातल्या धरणांचा. एसी लागतच नाही. लाइट गेली तरी चहा झाला पाहिजे म्हणून आम्ही प्रोपेनची शेगडी घेतली.

इंटरनेट पत्त्यावर अवलंबून, एका गल्लीत फायबर आणि पुढच्या गल्लीत काहीच नाही. दोघांचं पोट लॅपटॉपवर आहे तर ऑफर टाकायच्या आधी कंपनीला फोन करून तो पत्ताच विचारा, वेबसाइटवरच्या नकाशावर जाऊ नका.

खेकडे: माणशी दिवसाला १२ डंजनेस (इथली खेकड्याची जात), फक्त नर, लायसन घ्यायचं, खाडीत वर्षभर चालतं. बाकी मी काही बोलत नाही.

हिशेबनीस

पैशांचा भाग मी घेतो, कारण लोक घराची किंमत आणि मॉर्टगेज एवढंच बघतात.

फायद्याची बाजू. तुम्ही बीव्हर्टनला आहात म्हणजे मेट्रोच्या (पोर्टलंड भागाच्या प्रादेशिक सरकारच्या) हद्दीत, तिथे जोडीचं करपात्र उत्पन्न साधारण २ लाख डॉलरच्या वर गेलं की वरच्या रकमेवर १ टक्का जादा कर २०२१ पासून लागतो. लिंकन काउंटीत तो नाही. ओरेगनचा इन्कम टॅक्स मात्र तसाच राहणार, तो किनाऱ्यावर गेल्याने सुटत नाही. सेल्स टॅक्स इथेही नाही तिथेही नाही.

प्रॉपर्टी टॅक्स: मेझर ५० या राज्याच्या नियमामुळे, १९९७ चा आहे तो, असेस्ड व्हॅल्यू (ज्यावर टॅक्स लागतो ती किंमत) वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढते आणि कॅलिफोर्नियासारखी विक्री झाली की परत बाजारभावाला जात नाही. म्हणजे जुनं घर घेतलंत तर मागच्या मालकाची कमी व्हॅल्यू तुम्हाला मिळते. पण मोठं रिनोव्हेशन केलंत की तेवढा भाग नव्याने धरतात. एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या घरांचे टॅक्स वेगळे असतात ते यामुळे, काउंटीच्या साइटवर प्रत्येक घराचं बघता येतं, बघाच.

तोट्याची बाजू म्हणजे इन्शुरन्स. साध्या होमओनर पॉलिसीत भूकंप नाही आणि पूरही नाही. भूकंपाची वेगळी घ्यावी लागते आणि तिचं डिडक्टिबल घराच्या विमा रकमेच्या १० ते २० टक्के असतं, म्हणजे ४ लाखांच्या घराला पहिले ४० ते ८० हजार तुमच्या खिशातून. त्सुनामीचं पाणी पूर म्हणून धरतात, त्यासाठी सरकारी फ्लड पॉलिसी वेगळी. आणि फक्त समुद्राचंच भय आहे असं नाही, २०२० च्या सप्टेंबरात लिंकन सिटीजवळ ओटिसला वणवा लागला त्यात तीनशेच्या जवळपास घरं गेली. त्यामुळे ऑफर टाकायच्या आधी तिन्ही कोटेशन हातात पाहिजेत.

कुणी म्हणेल वॉशिंग्टनच्या पॅसिफिक काउंटीत जा, पगारावर इन्कम टॅक्स नाही. खरंय, पण तिथे सेल्स टॅक्स आहे आणि लाँग बीचचा भाग म्हणजे सपाट वाळूची लांबलचक पट्टी, पळायला उंच जागा शोधावी लागते.

आणि एअरबीएनबी करून हप्ता काढू असा विचार असेल तर सोडा. न्यूपोर्टला परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आहे.

रात्रपाळी

मी नर्स आहे, किनाऱ्यावर काम करून आता आत विलामेट व्हॅलीत आलेय, म्हणून सासूबाईंबद्दल लिहिते. वरच्या दोघांनी घराचं आणि पैशांचं छान लिहिलंय पण तुमच्या घरातला निर्णय त्यांच्या गुडघ्यांवर ठरणार आहे.

न्यूपोर्टला हॉस्पिटल आहे, इमारत नवीन आहे, इमर्जन्सी आहे. छोट्या गावाच्या मानाने चांगलं. पण स्पेशालिस्ट म्हटलं की कॉर्व्हालिस, म्हणजे हायवे २० ने डोंगर ओलांडून तासभर, नाहीतर थेट पोर्टलंड, अडीच तास. शुगर आहे म्हणजे डोळे, किडनी, पाय हे सगळं अधूनमधून दाखवावं लागणार. हिवाळ्यात त्या रस्त्यावर दरड, झाड, अॅक्सिडेंट काही ना काही असतं. गाडी कोण चालवणार आणि त्या दिवशी ऑफिसचं काय, हे आत्ताच ठरवा.

नवा फॅमिली डॉक्टर मिळायला वेळ लागतो, फोन करून विचारा की नवे पेशंट घेताय का, आणि घर घ्यायच्या *आधी* विचारा. त्यांचं मेडिकेअर (६५ च्या वरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) झालंय का? ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं राहिल्यावर पैसे भरून घेता येतं. प्रायव्हेट प्लॅन असेल तर तो त्या काउंटीत चालतो का हे बघा, पोर्टलंडचे बरेच प्लॅन तिथे चालत नाहीत. एअर अॅम्ब्युलन्सची वार्षिक मेंबरशिप मिळते, लाइफ फ्लाइटची, किनाऱ्यावर खूप जण घेतात.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. डॉक्टर का मिळत नाहीत? कारण नोकरी लागलेल्या माणसाला राहायला घर मिळत नाही. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी तीन महिने आरव्हीमध्ये (राहायच्या गाडीत) राहिली आणि शेवटी कंटाळून गेली. शाळेतले शिक्षक, हॉटेलात काम करणारे, सगळ्यांची हीच रड. घरं आहेत, पण वीकेंडवाल्यांनी आणि बाहेरचा पगार असलेल्यांनी घेतलेली. म्हणजे तुम्हाला परवडतंय कारण तुमचा पगार हिल्सबोरोच्या, म्हणजे पोर्टलंडकडच्या टेक कंपन्यांच्या, भावाचा आहे, आणि तुमच्यासारखे अजून आले की तुमचंच अपॉइंटमेंट अजून लांब जाणार. तुम्हाला दोष देत नाहीये ताई, पण परवडणं आणि राहण्यासारखं असणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

मोहरी_फोडणी

बाप रे, एवढं सविस्तर! सगळ्यांना मनापासून थँक्यू. @रात्रपाळी, मेडिकेअरला अजून दोन वर्षं आहेत, सध्या मार्केटप्लेसचा (सरकारी साइटवरून घेतलेला खाजगी विमा) प्लॅन आहे, तो तिकडे चालतो का हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्सुनामीचं कुणीतरी जरा समजावून सांगा ना. नवरा म्हणतो तीनशे वर्षांत आली नाही तर आपल्या हयातीतच कशाला येईल. आणि लेकीचं? ती आत्तापासूनच तोंड फुगवून बसलीये.

वाळूचे_थर

नवरोबांना सांगा तीनशे वर्षांत तशी मोठी आली नाही हाच प्रॉब्लेम आहे :)

कॅस्केडिया सबडक्शन झोनचा (किनाऱ्यासमोर समुद्राखाली एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो ती जागा) शेवटचा मोठा भूकंप २६ जानेवारी १७०० चा, साधारण ९ तीव्रतेचा. तारीख एवढी नेमकी कशी माहीत तर जपानमध्ये त्या वेळी भूकंपाशिवाय आलेल्या लाटेची नोंद आहे, शिवाय इकडच्या किनाऱ्यावर मेलेली झाडं आणि वाळूचे थर. असे भूकंप काही शतकांनी होतच आलेत, उद्या होईल किंवा नातवंडांच्या वेळी होईल. त्यासाठी किनाऱ्यावर राहूच नये असं माझं म्हणणं नाही, पण घर *कुठे* घ्यायचं हे त्यानेच ठरवावं.

राज्याच्या भूगर्भ खात्याचे, डोगामीचे, नकाशे फुकट बघायला मिळतात. नारिंगी म्हणजे लांबून, अलास्का वगैरेकडून येणारी लाट, पिवळा म्हणजे आपल्याच किनाऱ्यासमोर भूकंप झाला तर, हिरवा म्हणजे बाहेर. घर हिरव्यात घ्या, बस. किनाऱ्यावर कित्येकदा दोन गल्ल्या वर गेलं की हिरवा लागतो. पिवळ्यातलंच आवडलं तर सासूबाईंना घेऊन वरपर्यंत *चालत* जाऊन बघा, कारण जमीन हलायची थांबली की हातात साधारण १५-२० मिनिटं असतात आणि रस्ते फाटलेले असू शकतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला तो चढ जमतो का, एवढाच प्रश्न.

न्यूपोर्टचा साउथ बीच सपाट आहे, म्हणून तिथल्या विद्यापीठाच्या सागरी केंद्रात नवीन इमारतच अशी बांधलीये की गच्चीवर लोक चढून वाचतील. आणि पुलांचा विचार करा. न्यूपोर्टचा मोठा पूल १९३६ चा आहे, हॉस्पिटल त्याच्या उत्तरेला. वॉल्डपोर्ट-याहाट्सला राहिलात तर तो पूल आणि शिवाय वॉल्डपोर्टच्या खाडीवरचा पूल मध्ये येऊ शकतो. भूकंप सोडा, साधं वादळात ट्रक आडवा झाला तरी अडकता. म्हणून मी न्यूपोर्ट, पुलाच्या उत्तरेला, टेकडीवर असं म्हणेन. शहराची पाण्याची धरणं भूकंपात टिकणारी नाहीत म्हणून नवीन बांधायची चाललीत, तो खर्च कधीतरी पाण्याच्या बिलात दिसणार हेही धरून चला.

धुक्यातला_गणपत

लेकीचं मी सांगतो, माझा मुलगा इथेच शाळेत गेला. वर्ग छोटे, शिक्षक ओळखतात, सागरी विज्ञानाची आवड असेल तर अशी जागा नाही, मत्स्यालय आणि संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर. पण एपीचे (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेज पातळीचे) विषय कमी, गणितात पुढे असेल तर ऑनलाइन करावं लागतं, आणि वर्गात भारतीय पोर बहुतेक ती एकटीच. माझ्या मुलाला त्याचं काही वाटलं नाही, पण तो पहिलीपासून इथे होता. सातवीतून उचलून आणणं म्हणजे वेगळं. हायस्कूलच्या आधी आणा नाहीतर नंतर, मध्ये नको.

वाणसामान: फ्रेड मायर आहे, वॉलमार्ट आहे, कोथिंबीर-आलं मिळतं. डाळी-पीठं बीव्हर्टनहून भरून आणायची, कढीपत्त्याचं झाड घरात खिडकीत ठेवायचं. मंडळाचा गणपती म्हणजे पाच तासांचं जाऊन-येऊन, तेही हायवे १८ ला कसिनोची गर्दी नसेल तर.

अर्धा_कप

घर विकू नका. टाउनहाउस वर्षभर भाड्याने द्या आणि तिकडे ऑक्टोबर ते मे फर्निश्ड घर घ्या. वीकेंडवाले हिवाळ्यात घर रिकामं ठेवण्यापेक्षा महिन्याच्या भाड्याने देतात, दरही उतरलेले असतात. उन्हाळ्यात घर बघून घर घेणाऱ्यांची हिवाळ्यात रडारड होते, हे मी किनाऱ्यावरच्या दोन मित्रांच्या बाबतीत पाहिलंय. फक्त एचओए भाड्याने देऊ देतो का ते आधी वाचा.

हिशेबनीस

+१. आणि टाउनहाउस राहतं घर म्हणून विकायचं असेल तर गेल्या पाचपैकी दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं, तरच जोडीला ५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर टॅक्स माफ. एक वर्ष भाड्याने दिलंत तर काही बिघडत नाही, तीनच्या पुढे नेऊ नका. तेवढ्या काळात घेतलेल्या डेप्रिसिएशनवर (घराच्या घसाऱ्याची वजावट) मात्र टॅक्स लागतो.

शिवाय टोलेडो बघा. न्यूपोर्टपासून सातेक मैल आत, धुकं कमी, ऊन जास्त, घरं स्वस्त. समुद्र दिसत नाही, पण पंधरा मिनिटांत पोचता.

मोहरी_फोडणी

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या देवळात जायला मिळणार नसेल तर निदान खेकडे तरी मिळू देत. म्हणजे त्यांचा होकार समजायचा की नकार कळेना 😅

एचओएचे कागद काढलेत, भाड्याने द्यायला वेटिंग लिस्ट आहे म्हणे. आधी त्यात नाव टाकते आणि उद्या कॉर्व्हालिसच्या एंडोक्रायनोलॉजिस्टकडे नवे पेशंट घेतात का विचारते. टोलेडोबद्दल, तिथे कागदाची गिरणी आहे ना? वास किती येतो?

धुक्यातला_गणपत

वाऱ्यावर आहे. गिरणीच्या जवळच्या गल्ल्यांत येतो, टेकडीच्या पलीकडे फारसा नाही. एकदा सकाळी लवकर आणि एकदा संध्याकाळी जाऊन उभे राहा. एजंट दुपारचीच वेळ देतो.