पावसानं ओढ दिली, तर पाप कुणाचं? अनुवाद 28 धरायचं की मत्तय 5:45?

शिवारकर (अंबड)

जय ख्रिस्त.

सोयाबीन ऐन फुलात असताना पावसानं ओढ दिली म्हणून आमच्या मंडळीनं उपवास-प्रार्थना ठेवली. बाहेरगावचे वक्ते आले होते. त्यांनी अनुवादाचा (बायबलमधलं मोशेचं पाचवं पुस्तक) 28वा अध्याय उघडला: आज्ञा मोडल्या तर डोक्यावरचं आकाश पितळेचं होईल, पायाखालची जमीन लोखंडाची होईल, पावसाच्या जागी धूळ पडेल (वचनं 23, 24). इथवर ठीक. पुढं म्हणाले, "या मंडळीत कुणीतरी आखान आहे. तो सापडेपर्यंत पाऊस नाही." आखान म्हणजे यहोशवाच्या 7व्या अध्यायातला. त्यानं लुटीतला मना केलेला माल तंबूत पुरला आणि त्यापायी आय नगरापुढं लढाईत 36 इस्राएली मेले.

खाली सतरंजीवर एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्यानं कर्जापायी फवारणीचं औषध घेतलं, त्याला फार काळ झालेला नाही. 'आखान' म्हटल्याबरोबर दोन-चार माना तिच्याकडं वळल्या. तिनं पदर आणखी पुढं ओढला. बोट मात्र वचनावरच होतं, वक्ते वाचतील तसं ओळीवरून सरकत होतं.

माझं म्हणणं असं. त्याच पवित्र शास्त्रात प्रभु येशू सांगतो की देव दुष्टांवर आणि चांगल्यांवर सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो (मत्तय 5:45). प्रेषित पौल लुस्त्र नगरात मूर्तिपूजकांना म्हणतो, आकाशातून पाऊस आणि पिकाचे हंगाम तुम्हालाही त्यानंच दिले (प्रेषित 14:17). यहेज्केल 18 म्हणतो, बापाच्या अपराधाचा भार मुलावर नाही. मग अनुवाद 28चं काय करायचं? मला वाटतं, तो इशारा कनानात शिरणाऱ्या एका राष्ट्राला, आधी दिलेला आहे. ज्याच्यावर संकट येऊन गेलंय त्याचं निदान करायला तो वापरायचा नाही. वक्त्यांनी तेच केलं.

वचनावर उभा (जालना)

भाऊ, त्या बहिणीकडं माना वळायला नको होत्या, हे मान्य. पण माणसं चुकली म्हणून वचन बाजूला ठेवता येत नाही.

मत्तय 5:45 शत्रूवर प्रीती करण्याबद्दल आहे. ते हवामानाचं शास्त्र नाही. पाऊस आणि पाप यांचा संबंधच नाही, असं प्रभु तिथं म्हणत नाही. आमोस 4:7 वाचा: कापणीला तीन महिने असताना मी पाऊस आवरला, एका नगरावर पाडला, दुसऱ्यावर नाही, एका शेतावर पडला आणि दुसरं वाळून गेलं. इतकं स्पष्ट. आणि हे फक्त जुन्या करारात आहे असं समजू नका. योहान 5:14 मध्ये बऱ्या केलेल्या माणसाला प्रभु स्वतः सांगतो, यापुढं पाप करू नको, नाहीतर याहून वाईट होईल.

आता एक उत्तर द्या. पावसाचा आणि आपल्या चालण्याचा काही संबंध नसेल, तर तुम्ही उपवासाला बसलात कशाला? मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज बघायचा होता.

बांधावरची (गंगापूर)

आमोसचं ते तं आमच्याकडं दरसाल होऊ ऱ्हायलं की. यंदा ओढ्याच्या अलीकडं पडला, पलीकडं नाही. पलीकडं चर्च हाय. आता बोला.

आन् दादा, माझ्या बांधाला लागून ज्यांचं वावर हाय त्यांनी कधी अनुवाद वाचला नाही, आज्ञा मोडायचा तं सवालच नाही. त्यांची कपाशी कामून सुकली? मंडळीतल्या आखानापायी? मग देवानं गावाला आधी कळवायचं तरी होतं.

वचनावर उभा (जालना)

ताई, चेष्टा नको. आखानापायी मेलेल्या 36 जणांनी तरी काय केलं होतं? शास्त्रात पाप एकट्याचं राहत नाही, हीच शिकवण आहे. ती कडू आहे, पण आहे.

जुनी पोथी (छ. संभाजीनगर)

या वादात एक जुनी गोष्ट आणतो, कारण ती आपल्यावरच बेतली होती.

इ.स. 197 च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन लिहितो की रोमच्या तैबर नदीला पूर आला, नाईलचं पाणी शेतात चढलं नाही, आभाळानं पाऊस रोखला, की लोक ओरडतात, "ख्रिस्ती लोकांना सिंहापुढं टाका!" पुढं दोनशे वर्षांनी बिशप ऑगस्टिन नोंदवतो की लोकांत म्हणच पडली होती: पाऊस नाही, कारण ख्रिस्ती. 410 साली गॉथ लोकांनी रोम लुटलं तेव्हाही तोच आरोप झाला. त्याला उत्तर देताना ऑगस्टिननं सुरुवातीलाच मत्तय 5:45 पुढं ठेवलं. या जगातलं सुख आणि दुःख देवानं चांगल्या-वाईट दोघांना सारखंच वाटलंय, त्यावरून कोण कसा हे ठरवता येत नाही, असा त्याचा मुद्दा. म्हणजे उभा दादा, हे वचन पावसाच्या संदर्भात वापरणारे शिवारकर पहिले नाहीत.

दुसरी गोष्ट जरा अभ्यासाची. पितळेचं आकाश आणि लोखंडाची जमीन ही भाषा अश्शूरच्या (असिरियाच्या) एसरहद्दोन राजाच्या करारातही येते. इ.स.पू. 672 मध्ये त्यानं मांडलिकांकडून शपथा घेतल्या, त्या मातीच्या पाट्या 1955 साली इराकमधल्या निमरूदला सापडल्या. करार मोडलात तर जमीन लोखंडासारखी होवो, पितळेच्या आकाशातून पाऊस पडत नाही तसा तुमच्यावर न पडो, अशा अर्थाचे शाप त्यात आहेत. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की अनुवाद 28ला ही भाषा माहीत होती.

वचनावर उभा (जालना)

म्हणजे मोशेनं राजाच्या दप्तरातून नक्कल केली? हेच ऐकायचं बाकी होतं.

जुनी पोथी (छ. संभाजीनगर)

नक्कल म्हणत नाही. मी त्यात बंड वाचतो. अश्शूरचा राजा म्हणतो, माझी निष्ठा सोडलीस तर आभाळ बंद. इस्राएल म्हणतो, आभाळाची किल्ली तुझ्याकडं नाहीच, ती परमेश्वराकडं आहे. ही भाषा सम्राटाला ऐकवायची होती. आपण ती सतरंजीवर बसलेल्या बाईला ऐकवली.

साडेतीन (नांदेड)

विसंगतीच शोधताय तर सोपी घ्या ना. एलीया संदेष्ट्याच्या काळातला दुष्काळ किती वर्षांचा? 1 राजे 18:1 म्हणतं, तिसऱ्या वर्षी देवानं पाऊस देतो म्हणून सांगितलं. लूक 4:25 आणि याकोब 5:17 म्हणतात साडेतीन वर्षं. दावीद राजानं खळं घेतलं ते कितीला? 2 शमुवेल 24 मध्ये खळं आणि बैल मिळून 50 शेकेल चांदी, 1 इतिहास 21 मध्ये 600 शेकेल सोनं. दाविदाला शिरगणती करायला चिथावलं कुणी? एकीकडं परमेश्वरानं, दुसरीकडं सैतानानं. आधी हे सोडवा, मग पावसाकडं या.

शिवारकर (अंबड)

साडेतीन भाऊ, शिरगणतीचा प्रश्न भारी आहे, त्याला वेगळा धागा काढा, मी येतो. बाकीच्यांवर माझी झोप उडत नाही. कुणी म्हणतं 'तिसरं वर्ष' एलीया सारफथला गेल्यापासून मोजलंय, कुणी म्हणतं 600 शेकेल आख्ख्या जागेचे. पटलं तर घ्या. सहा महिन्यांच्या फरकानं कुणाचं घर मोडत नाही. पाप कुणाचं, या प्रश्नानं मोडतं. म्हणून मी दोन्ही एका मापानं मोजत नाही.

उभा दादांनी विचारलं, प्रार्थनेला बसलात कशाला. मागायला बसलो. लेकरू बापाकडं मागतं तेव्हा आधी हिशोब देत नाही.

पण एलीयाचं नाव निघालंच आहे तर 1 राजे 17 पुरता वाचू. इस्राएलचा राजा अहाब, त्याच्या पापामुळं पाऊस थांबला, हे उभा दादांचं म्हणणं तिथं बरोबर बसतं. पण भोगलं कुणी? देवानंच ज्या करीथ ओहळावर एलीयाला पाठवलं, तो ओहळ पाऊस नसल्यामुळं आटला (वचन 7). संदेष्ट्याचासुद्धा. मग तो सारफथला गेला. ते गाव सीदोनकडचं, देवानं इस्राएलशी केलेल्या कराराबाहेरचं. तिथल्या विधवेच्या घरात मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलं होतं. ती म्हणते, भाकर करू, खाऊ आणि मरू. पुढं तिचा मुलगा दगावतो आणि ती एलीयाला काय म्हणते? "माझ्या पापाची आठवण करून द्यायला आलास काय, माझ्या लेकराला मारायला?" (वचन 18)

आमच्या वक्त्यांसारखं करायला एलीयाला यापेक्षा चांगली संधी नव्हती. बाई स्वतःच 'माझं पाप' म्हणतेय! तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. "तुझा मुलगा माझ्याकडं दे" इतकंच म्हणतो, लेकराला माडीवर नेतो आणि जाब देवाला विचारतो: जिच्या घरी मी उतरलो तिच्यावरही तू हे संकट आणलंस का? (वचन 20) पापाचा विषय तिच्यापुढं परत निघतच नाही.

शाळामास्तरीण (वैजापूर)

शिवारकर, तुमचं एलीयाचं वाचन मनापासून पटलं. पण "इशारा त्या राष्ट्राला होता" म्हणून तुम्ही फार लवकर सुटलात असं मला वाटतं.

लूक 13 बघा. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली. प्रभु म्हणतो, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका. लगेच पुढं: पण तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुम्हा सर्वांचा असाच नाश होईल. पहिलं वाक्य तुमच्या बाजूचं, दुसरं उभा दादांच्या. प्रभुनं एका दमात दोन्ही म्हटलंय. मेलेल्यांकडं बोट दाखवू नका, पण जिवंत राहिलेल्यांनी स्वतःकडं बघा, असं मी ते वाचते.

आता आपल्याकडं बघू. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, पाऊस मुळातच कमी. अशा ठिकाणी आपण ऊस वाढवला, बोअर पाताळात नेले. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यात माणसाची करणी नाही, असं कोण म्हणेल? आखान शोधायचाच असेल तर तो असा शोधा. तो एका घरात सापडणार नाही.

वचनावर उभा (जालना)

मास्तरीणबाई, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात की. पाप, त्याचा परिणाम आणि पश्चात्ताप, तिन्ही मान्य केलंत.

शाळामास्तरीण (वैजापूर)

परिणाम मान्य, पण आरोपी बदलला ना! तुमचे वक्ते कर्जात बुडालेल्याला आखान म्हणतात. यहेज्केलच्या काळातली म्हण होती, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. तुमच्या जालन्यात कडवंचीला द्राक्षंच पिकतात, दात आंबणं काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं बाप आणि लेकरू एका घरचंसुद्धा नाही. खाल्ली एकानं आणि दात आंबले भलत्याचेच. आणि काही पाप नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र? संकट आलं म्हणजे पाप असणारच, हे त्यांनी किती अध्याय ऐकवलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत (42:7).

वचनावर उभा (जालना)

ईयोबाचं मान्य. त्याच्या मित्रांच्या रांगेत बसायची माझीही इच्छा नाही. त्या बहिणीला कुणी आखान म्हटलं तर मी तिथंच उभा राहून अडवीन.

पण शिवारकर भाऊ, तुमच्याच अध्यायावर अडतो. याकोब 5:17 म्हणतो, पाऊस पडू नये अशी प्रार्थना खुद्द एलीयानं केली. म्हणजे विधवेच्या मडक्यातलं पीठ तळाला गेलं ते एलीयाच्या प्रार्थनेनं. तुम्ही ज्याला तिचा कैवारी केलंत त्यानंच आभाळ बंद करून मागितलं होतं. त्याचं काय करता?

शिवारकर (अंबड)

यावर माझ्याकडं उत्तर नाही, दादा. एवढंच दिसतं की भाकरीशिवाय मरणाऱ्यांत तोही होता, आणि आला तिच्याच दारात, पाणी आणि भाकर मागत. आमचे वक्ते सभा संपल्यावर जेवून गाडीनं गेले.

बांधावरची (गंगापूर)

वक्ते आता बुधवारी आमच्याकडं हायत. वचन वाचायची पाळी माझी हाय, पाळकसाहेबांना 1 राजे 17 सांगून ठेवलंय. उभा दादा, जालन्याहून सकाळची यष्टी हाय, या. तुमचा सवाल तिथंच इचारा.