कामी रिताचे ३१ एव्हरेस्ट: पराक्रम की नोकरी?

सह्यवेडा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "कामी रिता ३१ वेळा एव्हरेस्टवर गेला, त्यात काय? एसटीचा कंडक्टरही रोज पुण्याला जातो." वाचून डोकं फिरलं. नेपाळातल्या थामे गावचा हा शेर्पा १९९४ पासून एव्हरेस्ट चढतोय. २७ मे २०२५ ला एकतिसाव्यांदा माथा गाठला, तेव्हा तो आपल्याच लष्कराच्या तुकडीबरोबर होता. बेस कॅम्पच्या वरच्या खुंबू आइसफॉलमधून, म्हणजे फुटक्या, सरकत्या बर्फाच्या उतारावरून, पैसे भरून आलेला क्लायंट हंगामात मोजक्या वेळा जातो. शेर्पा तंबू, गॅस, सिलिंडर वर पोचवायला पुन्हा पुन्हा जातो.

कातळकडा: कंडक्टरचं मीच लिहिलं होतं, माघार घेणार नाही. तीच वाट, बांधलेला दोर, नाकाला ऑक्सिजन. नवी वाट काढणं म्हणजे गिर्यारोहण. पोटासाठी करतो त्या कामाचा आदर आहेच, पण विक्रम कसला?

सह्यवेडा: तो दोर बांधतं कोण? आणि ऑक्सिजनचं म्हणाल तर आंग रिता हा शेर्पा त्याच्याशिवाय दहा वेळा माथ्यावर गेला. बाबू चिरी शेर्पा १९९९ मध्ये ऑक्सिजनविना माथ्यावर २१ तास राहिला, दोन वर्षांनी त्याच डोंगरावर हिमभेगेत पडून गेला. थुकलाचा चढ संपतो तिथे त्याचं स्मारक आहे. मी बेस कॅम्पला जाताना दमून त्याच्याशेजारीच बसलो होतो. पताका फडफडत होत्या, आमच्यापैकी कुणालाच बोलवेना.

पायवाट: खरा रोग आपल्याकडे आहे. एव्हरेस्टवीराची उघड्या जीपमधून मिरवणूक, चौकाचौकात फ्लेक्स. एका तरी फ्लेक्सवर शेर्पाचं नाव वाचलंय?

कातळकडा: फ्लेक्सवर घसरू नका! माझ्या भाच्याने जमीन गहाण टाकून मोहीम केली. मधल्या कंपनीने ऐनवेळी आणखी पैसे उकळले. बहिणीने पाटल्या मोडल्या. मिरवणूक गावाने काढली, त्याने मागितली नव्हती.

पायवाट: पाटल्या पुन्हा करता येतील हो. १८ एप्रिल २०१४ ला आइसफॉलमध्ये १६ नेपाळी कामगारांचा जीव गेला. सरकारने आधी घरटी ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले! शेर्पा भडकले आणि तो हंगामच बंद पडला.

कातळकडा: बहिणीच्या पाटल्यांवर पुन्हा बोलू नका. विक्रमाबद्दल माझं मत तेच आहे. कंडक्टरचं मात्र लिहायला नको होतं. आत्ता भाच्याला फोन केला होता. त्याच्याबरोबरच्या शेर्पाचं गाव त्याला सांगता आलं नाही. माथ्यावरच्या एकाही फोटोत तो शेर्पा नाही, कारण सगळे त्यानेच काढलेत.