गायक सांबा मापांगालाचा 'विरुंगा व्होल्कॅनो' हा अल्बम कोणी ऐकलाय का?

ठेकावेडा: काल हा अल्बम लावला, पाय थांबतच नाहीत राव! पण माणूस काँगोचा आणि बँड नैरोबीचा, हे कसं काय?

रात्रपाळी: जन्म काँगोतल्या मातादीचा, तिथल्या राजधानीत, किन्शासात गायला, मग युगांडामार्गे १९७७ च्या सुमारास नैरोबीत आला आणि १९८१ मध्ये ऑर्केस्ट्रा विरुंगा काढला, म्हणून काँगोतल्या लिंगाला भाषेसोबत केनियातल्या स्वाहिलीतही गातो. विरुंगा म्हणजे काँगो-युगांडा-रवांडा सीमेवरचे ज्वालामुखी.

जुनीकॅसेट: त्यातलं 'मालाको' गाणं हेडफोन लावून ऐक. आधी गाणं निवांत चालतं, मग गिटारी एकमेकींत गुंफत जातात, त्याला सेबेन म्हणतात, खरा नाच तिथून. सॅक्सोफोन आला की माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

ठेकावेडा: ऐकलं परत. बेसकडे लक्षच गेलं नव्हतं, काय वाजवलाय!