मोशे ज्यू होता का? (हिब्रू, इस्रायल, यहुदी: तीन नावांचा घोळ)

तिरकस पेन्सिल

परवा एका मासिकात वाक्य वाचलं: 'ज्यूंचा नेता मोशे याने हिब्रू गुलामांना इजिप्तमधून सोडवून इस्रायली राष्ट्र घडवलं.' एका वाक्यात तिन्ही नावं! भातात खडा लागावा तसं झालं.

माझं म्हणणं: मोशे ज्यू नव्हता. त्यांचा मूळपुरुष अब्राहाम तर नव्हताच नव्हता.

'ज्यू' म्हणजे 'येहूदी' हाच शब्द, ग्रीक, लॅटिन, जुनी फ्रेंच असं करत इंग्रजीत जाऊन झिजलेला. आपला 'यहुदी' अरबी-फारसीच्या वाटेने आला म्हणून मुळाशी जास्त इमानदार राहिला. येहूदी म्हणजे यहूदाचा. यहूदा हा अब्राहामाचा नातू याकोब याचा लेआपासून झालेला चौथा मुलगा. त्याच्या नावाचं कूळ, कुळाचा मुलूख, पुढे जेरुसलेम राजधानी असलेलं दक्षिणेचं राज्य. मोशे लेवी कुळातला. त्याला ज्यू म्हणणं म्हणजे सातवाहनांना मराठा सरदार म्हणणं.

'इस्रायल' हे नाव त्या मानाने जुनं. याकोब यब्बोक नदीच्या काठी रात्रभर कुणाशी तरी कुस्ती खेळला आणि पहाटे त्याला हे नवं नाव मिळालं, अशी कथा आहे. कथेतला अर्थ 'देवाशी झुंजला तो', पण व्याकरणाने 'देव झुंजतो' किंवा 'देव राज्य करतो' असाही निघू शकतो. कथा बाजूला ठेवली तरी दगड आहे. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याचा, इ.स.पू. 1208 च्या सुमाराचा शिलालेख फ्लिंडर्स पेट्रीला 1896 मध्ये थीब्जला सापडला. त्यात 'इस्रायल' आहे. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते एक चिन्ह. शेजारच्या अश्कलोन, गेझेर या नावांपुढे मुलखाची खूण आहे, इस्रायलपुढे मात्र बसलेला पुरुष, बसलेली बाई आणि तीन रेघा. म्हणजे लेखनिकाच्या लेखी तो मुलूख नव्हता, माणसं होती.

तेव्हा नियम सोपा करावा. बॅबिलोनने जेरुसलेम पाडलं त्या इ.स.पू. 586 पर्यंत 'इस्रायली', त्यानंतर 'ज्यू'. 'हिब्रू' फक्त भाषेसाठी.

गोमाजी

नियम सोपा आहे, पण चुकीचा आहे.

पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री जेवणाच्या टेबलावर ज्यू दरवर्षी म्हणतात, 'आम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) फारोचे, म्हणजे तिथल्या राजाचे, गुलाम होतो.' 'आम्ही', 'आमचे पूर्वज' नव्हे. मोशेला ते आजही 'मोशे रब्बेनू' म्हणतात, म्हणजे आमचे गुरुजी. ज्यांचा तो गुरू, त्यांना तुम्ही पुण्या-मुंबईत बसून सांगणार की तो तुमच्यातला नव्हे?

दुसरं, तुमच्या 586 च्या रेषेवर बायबलच पाय देतं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात 'यहूदी' हे लोक एलाथ गावातून हाकलले जातात ते आहाज राजाच्या काळात, म्हणजे जेरुसलेम पडण्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी. आणि यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात एकाच वाक्यात हुकूम आहे की प्रत्येकाने आपला इब्री (म्हणजे हिब्रू) दास, इब्री दासी सोडून द्यावी, कुणीही आपल्या यहूदी भावाला दास करून ठेवू नये. दोन्ही नावं एकाच माणसाला! मासिकवाल्याला तुम्ही कशाला हसता, यिर्मयानेही तेच केलंय.

तिरकस पेन्सिल

एलाथचा मुद्दा मान्य, पण तिथे अर्थ 'यहूदा राज्याची माणसं' एवढाच आहे. धर्म किंवा समाज असा नाही. मी म्हणतो ते तेच. पेसाहबद्दल: भावना आणि इतिहास वेगळे.

घाटावरची

'हिब्रू फक्त भाषेसाठी' हे कुठून काढलं? मराठी बायबलमध्ये शब्द आहे 'इब्री', आणि तो सरसकट माणसांसाठी आहे. 'हिब्रू' आपण इंग्रजीतून उचलला.

पण तो कोण, कुणाला, कधी म्हणतो ते बघा. इजिप्तचा अधिकारी पोटीफर याची बायको आपला दास योसेफ याच्यावर आळ घेते तेव्हा म्हणते, हा इब्री माणूस. फारो सुइणींशी बोलतो तेव्हा इब्री बायका. योनाला जहाजावरचे परके खलाशी विचारतात, तू कुठला, कोणत्या लोकांतला? तो म्हणतो, मी इब्री आहे. घरात सहसा कुणी कुणाला इब्री म्हणत नाही. परक्यासमोर उभं राहिलं की हे नाव बाहेर येतं.

आता मूळ बघा. 'एवेर' म्हणजे पलीकडची बाजू. अब्राहाम फरात (युफ्रेटिस) नदीपलीकडून आला म्हणून इव्री, म्हणजे आपला इब्री, असा एक अर्थ. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'अब्राम इब्री' याच्या जागी चक्क 'पलीकडून आलेला' असा शब्द घातलाय. (दुसरं मत, अब्राहामाचा पूर्वज एबर, त्याच्यावरून. पण एबर नावाचाही अर्थ पलीकडचाच, त्यामुळे फिरून तिथेच येतो.)

मी साताऱ्याची. गावात असताना मी घाटी नव्हते. कॉलेजला मुंबईत गेले आणि हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात झाले. घाटापलीकडची म्हणून घाटी. आधी राग यायचा, तिसऱ्या वर्षी मीच म्हणायला लागले, 'आम्ही घाटी लोक तिखट खातो.' इब्री हे मला अगदी तसं वाटतं. त्यामुळे 'हिब्रू गुलाम' हे त्या वाक्यातलं सगळ्यात बरोबर जागी पडलेलं नाव आहे. इजिप्शियन माणसाच्या तोंडून तेच यायचं.

नाणेघाट

+१, आणि 'हिंदू' तरी काय? सिंधूपलीकडचे ते हिंदू, इराण्यांनी ठेवलेलं. नदीपलीकडचे म्हणून नाव पडायला फार काही करावं लागत नाही, मधे नदी असली की पुरे.

खापरपुराण

तुम्ही सगळे हाबिरूंना विसरलात. 1887 मध्ये इजिप्तमध्ये अमार्नाला मातीच्या पाट्या सापडल्या, इ.स.पू. 14 व्या शतकातला पत्रव्यवहार. कनानमधले मांडलिक राजे फारोकडे रडगाणं गातात की हाबिरूंनी मुलूख लुटला, धनुर्धारी पाठवा. हाबिरू आणि इब्री. वेगळं सांगायला हवं का?

घाटावरची

हवं. हाबिरू हे कुळाचं नाव नाही, ती जात होती असंही नाही. घरदार सोडलेले, भाडोत्री लढणारे, कर्ज बुडवून पळालेले, सगळे त्यात. आपल्याकडच्या पेंढाऱ्यांसारखं. अनातोलियापासून इजिप्तपर्यंत ते भेटतात आणि त्यांची वैयक्तिक नावं नाना भाषांतली आहेत. शिवाय इजिप्शियन लिखाणात तो शब्द 'अपिरू', म्हणजे मधे प, ब नाही. शब्दांचं दूरचं नातं असेलही, पण हाबिरू म्हणजेच इब्री असं ठोकून देणं, ही आवाजावरून सोयरीक जुळवणं झालं.

खापरपुराण

पेंढारी ही उपमा मात्र चोरतो आहे.

अश्दोदकर

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातला. जन्म पनवेलचा, आता इस्रायलमध्ये. इतका वेळ वाचत होतो.

आमच्या आजीने आयुष्यात स्वतःला ज्यू म्हटलं नाही. यहुदी तर नाहीच. ती म्हणायची, 'आम्ही इस्रायल लोक.' गाववाले म्हणायचे शनिवार तेली, कारण जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत आमची माणसं घाण्यावर तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद. घरातलं नाव एक, वेशीवरचं दुसरं. साताऱ्याच्या ताईंचं म्हणणं मला म्हणूनच पटलं.

'बेने इस्रायल' हे नाव का धरून ठेवलं, यावर एक कथा सांगतात. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेत पडले. टिपूच्या आईच्या कानावर आलं की कैद्यांत बेने इस्रायल आहेत. कुराणात 'बनी इस्राईल' वाचलेले, पण प्रत्यक्ष कधी पाहिलेले नाहीत, म्हणून तिने रदबदली केली आणि ते वाचले. खरं खोटं देव जाणे. पण परत आल्यावर दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत आमचं पहिलं प्रार्थनागृह बांधलं, ते खरं.

आता दुसरी बाजू. इथे आल्यावर आमच्या लोकांना लग्नाच्या वेळी विचारलं गेलं, तुम्ही ज्यू कशावरून? आई, आजी, पणजी, किती पिढ्या मागे दाखवता? नावात इस्रायल, देश इस्रायल, आणि तरी दाखला ज्यू असल्याचा! वडील जेरुसलेमच्या धरण्यात बसले होते. 1964 मध्ये इथल्या संसदेने आम्ही सर्व बाबतींत ज्यू आहोत असं म्हटलं, तेव्हा ते मिटलं. तेव्हा पेन्सिलराव, ही नावं कुठे कधी वापरायची हा तुम्हाला शुद्धलेखनाचा प्रश्न वाटतो, आमच्या घरी तो लग्नाचा होता.

गोमाजी

आणि 'इस्रायली' लिहा म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. आजच्या इस्रायली नागरिकांत पाचातला एक अरब आहे. मोशेला 'इस्रायली' म्हटलं की वाचकाला पासपोर्ट दिसतो. बायबलवाले 'इस्राएल लोक' म्हणतात तेच बरं. उलट शोमरोनी नावाचा जेमतेम आठ-नऊशेंचा समाज आजही गेरिझीम डोंगरावर कोकरं बळी देऊन पेसाह करतो. ते स्वतःला इस्रायलची मुलं म्हणवतात, ज्यू नाही. यांना तुमच्या नियमात कुठे बसवणार?

तिरकस पेन्सिल

शोमरोनी माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत हो! इस्रायल आणि ज्यू एक नाहीत हेच तर म्हणतोय.

गोमाजी

एक नाहीत हे मान्य. तारीख टाकून तोडता येतात हे अमान्य. बायबलातल्याच एस्तेरच्या पुस्तकात मर्दखयला 'यहूदी माणूस' म्हटलंय आणि लगेच पुढे कूळ दिलंय बन्यामीनचं. यहूदा कुळाचा नसलेला यहूदी! म्हणजे नाव कुळातून सुटून समाजाचं झालंय. हे एका दिवसात झालं नाही, जेरुसलेम पडलं त्या दिवशी तर नक्कीच नाही.

परदेशस्थ पुरणपोळी

नुसत्या काळाचं नाही, गावाचंही बघावं लागतं. मिलानला मी एका ज्यू सहकाऱ्याला 'जुदेओ' म्हणाले, मला वाटलं ज्यूचं इटालियन. टेबलावर शांतता. शिष्ट शब्द 'एब्रेओ', म्हणजे हिब्रू. रशियनमध्येही 'येव्रेय' चालतो, 'झिद' ही शिवी. आणि शेजारी पोलंडमध्ये तोच 'झिद' साधा शब्द. फ्रान्समध्ये 19 व्या शतकात 'ज्विफ' खटकायचा म्हणून सभ्य लोक 'इस्राएलित' म्हणायचे, 1860 ची तिथली मोठी संस्थाही त्याच नावाची.

तिरकस पेन्सिल

बरं. 586 ची रेषा मागे घेतो, मर्दखयने घालवली. पण मोशेला ज्यू म्हणणार नाही म्हणजे नाही. इस्राएल लोक लिहीन. आणि इजिप्शियनाच्या तोंडी असेल तर इब्री.

नाणेघाट

अवांतर: अश्दोदकर, दिवेकरांचं ते प्रार्थनागृह मस्जिद बंदरजवळचंच ना?

अश्दोदकर

हो, तेच. स्टेशनला 'मस्जिद' नाव त्याच्यावरूनच पडलं असं आमच्यात सांगतात. आजी सिनेगॉग म्हणायची नाही. शनिवारी सकाळी नऊवारी नेसून निघायची आणि शेजारणीने विचारलं की सांगायची, 'मशिदीत चाललेय.'