पहाटे पाचला उठूनही स्वतःसाठी वेळ उरत नाही

प्रश्न (मनीषनगर, नागपूर)

नमस्कार. माझे वय 43 असून मी कस्तुरचंद पार्कजवळच्या एका कार्यालयात नोकरी करते. यजमान बुटीबोरीला पाळीने कामाला जातात, मुलगा यंदा दहावीला आहे आणि सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले आहेत, त्यामुळे त्यांचे व्यायाम, औषधे आणि पथ्यपाणी माझ्याकडेच आहे. स्वतःकडे लक्ष द्या असे सांगणारा प्रत्येक जण पहाटे लवकर उठायला सांगतो. मी पाचला उठतेच, पण तो वेळ पाणी भरणे, दोन डबे आणि सासूबाईंचा चहा यांत जातो. रात्री साडेदहाला ओटा पुसून झाला की मोबाईल घेऊन बसते आणि बारा कधी वाजले ते कळत नाही. झोप बुडते हे समजते, सकाळी डोके जड होते हेही समजते, तरी तो दीड तास सोडवत नाही, कारण दिवसभरात कोणी हाक मारत नाही असा तेवढाच वेळ असतो.

मागच्या रविवारी अंबाझरी तलावावर एकटीने फिरून यायचे ठरवले होते. चप्पल घालताना सासूबाईंनी "कुठे चालली गं?" एवढेच विचारले आणि मी "कुठे नाही" म्हणून परत आत आले. त्यांनी मला अडवले नव्हते, हे मुद्दाम सांगते. रोज अर्धा तास, मनाला खात न राहता, कसा काढावा?

उत्तर 1 (निवृत्त शिक्षक, लक्ष्मीनगर)

ताई, सलग अर्धा तास मिळाला नाही तरी खंत करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवला आहे. पूर्वी तो एका वेळी निदान दहा मिनिटे तरी व्हावा अशी अट होती, ती 2020 च्या शिफारशींमध्ये काढून टाकली गेली. आपण मेट्रोने जात असाल तर एक स्थानक आधी, झिरो माइलला उतरून कार्यालयापर्यंत चालत जावे. सध्या थंडी आहे तोवर हे सहज जमेल; एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या घरात गेला की आपल्या नागपुरात सकाळी नऊनंतर हा प्रयोग कोणीही करू नये. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या वर्गांचीही चौकशी करून पाहावी.

उत्तर 2 (त्रिमूर्तीनगर)

काकांचे म्हणणे योग्य आहे, परंतु ताईंची अडचण मिनिटांची नाही असे मला वाटते. त्या चप्पल घालून दारापर्यंत पोहोचल्या होत्या, म्हणजे वेळ हाताशी होता. तो आपला आहे असे म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ 289 मिनिटे आणि पुरुषांचा 88 मिनिटे निघाला आणि आजारी माणसांची देखभाल त्यात धरलेलीच नाही. एवढ्या तफावतीत पहाटे आणखी लवकर उठण्याचा सल्ला म्हणजे झोपेतून वेळ उसना घेणे होय, आणि रात्रीच्या मोबाईलवर आपण नेमके तेच करत आहात.

मी दोन वर्षांपूर्वी आठवडाभर कालनिर्णयच्या मागच्या बाजूला दर तासाची नोंद केली. अंगमेहनतीपेक्षा जास्त वेळ लक्ष ठेवण्यात जात होता: दूध आले का, गोळी घेतली का, वीजबिल भरले का. मग मी मदत मागणे बंद केले, कारण मदत मागितली की काम आपलेच राहते, दुसरा फक्त हात लावतो. त्याऐवजी भाजी आणि सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा ही दोन कामे आठवणीसकट यजमानांना देऊन टाकली. पहिले पंधरा दिवस घरात पिवळी पडलेली मेथी येत होती आणि मला ती निवडताना तोंड बंद ठेवावे लागले, हा त्यातला सर्वांत अवघड भाग होता.

आपल्या घरी सासूबाईंचे संध्याकाळचे व्यायाम मुलाकडे देता येतील. दहावीच्या मुलाने वीस मिनिटे पुस्तकावरून उठणे त्याच्याही हिताचेच आहे. आणि आपली वेळ आधीच जाहीर करावी, जशी त्याच्या शिकवणीची वेळ सर्वांना ठाऊक असते. दारात उभे राहून परवानगी मागितल्यासारखे झाले की कोणाचेही पाय मागे वळतात.

उत्तर 3 (परिचारिका)

सकाळचे डोके जड होणे केवळ जागरणाने असेल असे गृहीत धरू नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी तो थकवा कामाच्या नावावर खपवतात. प्रौढांना सात तास झोप हवीच. सासूबाईंचे औषध आणायला जाल तेव्हा स्वतःचेही रक्त देऊन या.

उत्तर 4 (हिंगणा मार्ग)

मी स्वतः पाळीत काम करतो. कामे वाटून घेतली तरी रात्रपाळीच्या आठवड्यात ती वाटणी मोडते आणि मग ती कायमची मोडते, असा आमच्या घरचा अनुभव आहे. त्यामुळे यजमानांचे पाळीपत्रक हाती आले की त्यासोबतच घरचा तक्ता बदलावा. पहिल्या पाळीत संध्याकाळ त्यांच्याकडे, रात्रपाळीत त्यांच्याकडे काही नको, कारण दिवसा झोपलेल्या माणसाकडून गोळ्यांची वेळ पाळली जात नाही.

प्रश्नकर्ती (मनीषनगर)

सर्वांचे आभार. मेथीवरून मला हसू आले, कारण माझी अडचण तीच आहे: दुसऱ्याने केलेले मला बघवत नाही. रक्त उद्या सकाळी देणार आहे. काल जेवताना मी सांगून टाकले की रोज सव्वासहा ते पावणेसात मी घरात नसेन आणि आजीचे व्यायाम नातू घेईल. सासूबाईंची तक्रार नव्हती. नातवाने दहाऐवजी आठ मोजून पळू नये, एवढीच त्यांची अट होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग त्या दिवशी कुठे चालली होती?" मी अंबाझरी म्हणून सांगितले.