‘ट्रॅफिक स्टॉप’ला मराठीत काय म्हणायचं? ‘नाकाबंदी’ खोडली गेली

धंतोलीकर
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ (15 मे 2025) या निकालाचं टिपण कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत करतो आहे. घटना एप्रिल 2016 ची, ह्यूस्टनची. टोल थकल्याची नोंद असलेली भाड्याची गाडी पोलीस अधिकाऱ्याने महामार्गाच्या कडेला घ्यायला लावली, कागद मागितले. गाडी हलली तसा तो दाराखालच्या पट्टीवर चढला आणि त्याने दोन गोळ्या झाडल्या. चालक जागीच मेला. गाडी हलण्यापासून पुन्हा थांबेपर्यंत साधारण पाच सेकंद.
‘ट्रॅफिक स्टॉप’साठी, म्हणजे पोलिसांनी चालती गाडी अशी कडेला थांबवण्यासाठी, ‘नाकाबंदी’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘वाहतूक थांबा’ केलं. हे वाचून बसथांबाच डोळ्यांपुढे येतो. दुसरं काय लिहावं?

महाल_जुना
‘नाकाबंदी’ खोडली हे योग्यच. नाकाबंदीत जागा आधी ठरते, बॅरिकेड तिरपे लावून वाट अरुंद करतात आणि येणारी प्रत्येक गाडी त्यातून जाते. नागपुरात वाडी किंवा पारडीच्या नाक्यावर रात्री लागते ती नाकाबंदी. ह्यूस्टनला एकच गाडी हेरून कडेला घेतली. त्यासाठी ‘वाहनरोधन’ घ्या. ‘गतिरोधक’ रुळला तसा हाही रुळेल.

इतवारी४२
‘गतिरोधक’ पाटीवर रुळला, बोलण्यात स्पीडब्रेकरच आहे. नागपुरात लोक म्हणतात ‘गाडी पकडली’ किंवा ‘साइडला घ्यायला लावली’. ‘पकडली’मध्ये चालक आधीच गुन्हेगार ठरतो. ‘अडवली’च्या मागे ‘अडवणूक’ उभी असते, म्हणजे तिथे पोलीस दोषी ठरतो. ‘पोलिसांनी तपासणीसाठी गाडी थांबवली’ एवढं पुरे. नामाचा हट्ट इंग्रजीचा आहे, मराठी क्रियापदावर चालते.

धंतोलीकर
इथे नाम लागतंच. खालच्या न्यायालयांनी फक्त ‘धोक्याचा क्षण’ पाहिला, म्हणजे अधिकारी पट्टीवर चढला तिथपासून पहिल्या गोळीपर्यंतचे दोन सेकंद. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की बळाचा वापर वाजवी होता का हे सगळी परिस्थिती पाहून ठरवा, मागच्या घडामोडी कापू नका. प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. गाडी कडेला घेण्यापासून गोळीपर्यंतच्या अख्ख्या प्रसंगाला एक नाव नसेल तर विद्यार्थी पुन्हा दोन सेकंदांवरच येईल.

बातमीची_भाषा
नामापेक्षा गोळीचं क्रियापद आधी सांभाळा. ‘गोळी सुटली’ अकर्मक आहे, कोणी सोडली ते सांगावं लागत नाही, आणि वाचणारा अपघात समजतो. ‘गोळी लागून मृत्यू’मध्ये मरणारा दिसतो, मारणारा नाही. ‘गोळी झाडली’ म्हटलं की कर्ता द्यावाच लागतो. ‘पोलीस गोळीबारात एक ठार’ हा मथळा तर इथे चुकीचाच आहे. ‘गोळीबार’ म्हटलं की जमाव, लाठीमार, अश्रुधूर आणि मग हवेत फैरी असं चित्र उभं राहतं. पट्टीवर चढून जवळून झाडलेल्या दोन गोळ्यांना तो शब्द सैल पडतो.
लखनौच्या गोमतीनगरात 28-29 सप्टेंबर 2018 च्या रात्री शिपायाने झाडलेल्या गोळीने गाडीचालक मेला. तेव्हाचा अर्धा वाद असाच होता: स्वसंरक्षण म्हणायचं की खून.

कलम_वाचक
आणि ‘चकमक’ तर अजिबात नको. शब्द तुर्की, अर्थ गारगोटी. दोन बाजू एकमेकींवर आपटल्याशिवाय ठिणगी पडत नाही. एकाच हातात पिस्तूल असताना चकमक कसली? आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43 (जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 46) अटक करताना बळ वापरू देतं. पण मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्याला मारण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. टोल थकवणारा त्यात बसत नाही.

इतवारी४२
गारगोटीचं मूळ बरोबर, पण आज ‘चकमक’ वाचून कोणाला गारगोटी आठवते? 2014 च्या ‘पीयूसीएल (नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र’ निकालात पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंच्या तपासासाठी दिलेल्या 16 सूचनांबद्दलही मराठीत ‘चकमकीतील मृत्यू’ असंच लिहितात. वापर जिंकतो.

कलम_वाचक
त्या सूचना काय सांगतात तेही पाहा: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा. म्हणजे एकच बाजू सशस्त्र असण्याची शक्यता त्यांत खुली राहते. शब्दानेच ती झाकली तर तपासाआधीच निकाल लागला.

महाल_जुना
मग ‘वाहन-तपासणी प्रसंग’? ‘चालान कारवाई’ तरी नको, टोलवाल्या प्रकरणात कोणीतरी तेच लिहील.

बातमीची_भाषा
‘चालान’बद्दल सावध राहा. मध्य प्रदेशच्या हिंदीत ‘चालान पेश किया’ म्हणजे न्यायालयात आरोपपत्र दाखल केलं. जबलपूर-छिंदवाड्याची बातमी मराठीत घेताना त्याचं ‘दंडाची पावती दिली’ होतं आणि खटल्याची बातमी वाहतुकीची होऊन बसते.

इतवारी४२
त्यातही मराठीत ‘चलन’ की ‘चालान’? बँकेत पैसे भरायचं ते चलन, चौकात फाडतात ते चालान. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदीचा ‘चालान’ इथलाच आहे.

महाल_जुना
इथला आहे म्हणून शुद्ध होत नाही. ‘ई-चलन’ लिहा.

धंतोलीकर
‘ट्रॅफिक स्टॉप’ अजून तिथेच आहे. तोवर टिपणात ‘तपासणीसाठी गाडी थांबवण्याचा प्रसंग’ लिहितो आहे. लांब आहे, पण त्यात ‘पकडली’ नाही आणि ‘अडवली’ही नाही. याहून आखूड कोणाला सुचत असेल तर सांगा.