थोरलीने धाकट्यांना शिकवावं का? (घरशाळेचं चौथं वर्ष)

तिघांची_आई:
थोरली बारा वर्षांची, मधला आठचा, धाकटी साडेचारची. तिघंही घरीच शिकतात, यंदा चौथं वर्ष. भेटेल तो विचारतो, "सगळे विषय तुम्हाला येतात?" येत नाहीत. आदल्या रात्री वाचून घेते, तरी नाही कळलं तर मुलीबरोबर बसून शिकते. ते निभतं. दमछाक होते ती एका टेबलाभोवती तीन वयं सांभाळताना.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. थोरलीचा अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. पाऊण भागिले एक अष्टमांश. 'दुसरा उलटा करून गुणायचं' हे तिला पाठ आहे, पण का उलटायचं ते दिसावं म्हणून मी कागदाच्या पट्टीला घड्या घालून आठ सारखे भाग पाडले, पाऊण पट्टी रंगवली आणि विचारलं, "यात एक अष्टमांश किती वेळा बसतो?" ती वहीत उलटापालट करत होती. समोर चित्र काढत बसलेल्या मधल्याने मान वर केली, रंगवलेले भाग मोजले आणि म्हणाला, "सहा." त्याचे अपूर्णांक अजून सुरूसुद्धा झालेले नाहीत. थोरलीने वही मिटली, ती त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

तर मुद्दा असा. धाकटीची अक्षरओळख थोरलीच घेते, मधल्याचे पाढेही तीच. माझ्या मते घरशाळेतली ही सर्वांत मोठी कमाई. दुसऱ्याला समजावताना आपलं पक्कं होतं, आणि शाळेत इयत्तांच्या भिंती असल्यामुळे ही संधी फारशी मिळत नाही. नवऱ्याचं मत नेमकं उलट: "ती आपली मुलगी आहे, तुझी मदतनीस नाही." आमचा अबोला व्हायच्या आत तुमची मतं सांगा.

खडू_फळा:
वीस वर्षं शिकवतेय, त्यातली सहा वर्षं दोन इयत्ता एकाच खोलीत. नवऱ्याशी सहमत. मोठी मुलं छोट्यांना शिकवतात हे माझ्याही वर्गात व्हायचं आणि त्याचा फायदाच व्हायचा. पण तिथे आज ही शिकवायची, उद्या तो. गणितात पुढे असलेली वाचनात मागे असायची, मग तिला दुसरं कुणीतरी मदत करायचं. मॉन्टेसरी पद्धतीतही ३ ते ६, ६ ते ९ असे तीन-तीन वर्षांचे गट असतात, पण त्यात प्रत्येक वयाची बरीच मुलं असतात. आज धाकटं असलेलं मूल दोन वर्षांनी त्याच गटात थोरलं होतं, आणि पुढच्या गटात गेलं की परत धाकटं. तुमची थोरली मात्र जन्मभर थोरलीच राहणार. आणि चाळीस जणांत एखाद्याने आधी उत्तर दिलं तर मूल विसरून जातं. तुमच्याकडे ते उत्तर देणारा रात्री जेवायलाही समोरच असतो.

मोकळं_पान:
खडू_फळा, एवढं काळं चित्र नको. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये दाखवलंय की स्वतंत्र शिकवणी मिळालेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. हे घरीच शक्य आहे. आणि थोरल्यांचं म्हणाल तर २००७ साली नॉर्वेतल्या सुमारे २ लाख ४० हजार तरुणांच्या बुद्धिमापनाचा अभ्यास झाला. त्यात थोरले भाऊ धाकट्यांपेक्षा थोडे वरचढ निघाले. एक कारण असंही सुचवलं जातं की थोरल्यांना शिकवायला मिळतं. ताई, तुम्ही अगदी बरोबर करताय!

खडू_फळा:
ब्लूम यांचा दाखला इथे लावू नका. ते प्रयोग जेमतेम तीन आठवड्यांचे होते. शिकवणाऱ्यापुढे एक, फार तर दोन-तीन मुलं, सगळी एकच धडा शिकणारी. इथे एक अपूर्णांकावर, एक पाढ्यांवर आणि तिसरी टेबलाखाली. शिवाय नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक टिकला नाही. २०११ च्या एका आढाव्यात तो निम्म्याहूनही कमी भरला.
नॉर्वेचा फरक दोन-तीन गुणांचा, तोही सरासरी. शिकवण्यामुळेच पडला असं त्यातून सिद्ध होत नाही. एवढ्याशा फरकावर कुणाच्या बारा वर्षांच्या मुलीला नोकरीला लावू नका.

सरळ_प्रश्न:
मुळात हे कायद्यात बसतं का? जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचंच आहे, आईवडील युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये हरले.

तिघांची_आई:
आम्ही राहतो तिथे बसतं. अमेरिकेत तर सगळ्या ५० राज्यांत चालतं. पण कृपया तो वेगळा धागा काढा.
मोकळं_पान, धीर दिल्याबद्दल आभार. पण 'अगदी बरोबर' असतं तर मी इथे विचारायला आले नसते.

मीच_ती:
सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. मी अशाच घरातली थोरली. पाठचे दोन भाऊ, तिघंही घरी शिकलो. कुणालाही काहीही समजावून सांगायची हातोटी मला तिथे मिळाली, आज त्यावरच पोट चालतं. हे नाकारत नाही.
पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी "सर, कळलं नाही" हे तीन शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. न कळणं हे धाकट्यांचं काम होतं ना! घरी जाऊन रात्रभर खपायचे, पण हात वर करायचे नाही. आणि एक प्रसंग अजून बोचतो. धाकटा भाऊ परीक्षेत नापास झाला, मी पंधराची होते. आईने निकाल वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू घेतलं नव्हतंस का त्याच्याकडून?"
आई वाईट नव्हती. दमलेली होती.

तिघांची_आई:
मीच_ती, तुमचा प्रतिसाद वाचून उठून गेले. हेच वाक्य मी परवा म्हटलंय. सातच्या पाढ्यावरून.

मोकळं_पान:
अहो, एका वाक्याने काही होत नाही. शाळेत काय कमी टोमणे असतात? भावंडांनी एकमेकांना सांभाळायचं नाही तर कुणी सांभाळायचं?

खडू_फळा:
सांभाळावं की. धाकटीला गोष्ट वाचून दाखवावी, चुकला पाढा सुधारावा. पण मधल्याला पाढे आले का, याचा जाब तिला विचारायचा नाही. तो तुमच्याकडे. आणि एक सुचवते, पटलं तर बघा: तिला रोज थोडा वेळ एकटीला द्या. दार लावून, कुणाचे कान नसताना. तिथे तिला हवं तेवढं चुकू दे.

तिघांची_आई:
दहा दिवसांनी लिहितेय. पाढे आता नवरा घेतो. (वाईट घेतो. स्वतःचाच सतराचा चुकतो, त्यामुळे मधला खूश.) सकाळचा पाऊण तास थोरलीचा, दार लावून. पहिले तीन दिवस ती नुसती बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "मला ते पट्टीवालं अजूनही कळलेलं नाही." आम्ही पुन्हा पट्टी घडी केली.
अक्षरओळख मात्र तिने स्वतःकडेच ठेवलीय. मी काढून घ्यायला गेले तर रडली. त्यामुळे माझं मत पूर्ण बदललेलं नाही, हे नवऱ्यालाही सांगून टाकलंय.

मीच_ती:
राहू द्या ती तिच्याकडे. मी विचारणार होते, मधल्याचं काय? 'सहा' म्हणणाऱ्याचं? आमच्याकडेही एक मधला होता.

तिघांची_आई:
काल त्याला काहीतरी विचारलं. त्याने आधी दाराकडे पाहिलं, ताई कुठे आहे म्हणून. मग माझ्या कानात उत्तर सांगितलं. बरोबर होतं.